संगणकाच्या गळ्यात ‘ळ’ आहे का?

पुण्यातील एका घरातला प्रसंग. छत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेल्या एका शिक्षकांची दृष्टी निवृत्तीनंतर काचबिंदूने हळूहळू हिरावून घेतली. आधी वर्तमानपत्र सुटले, मग ग्रंथालय, मग स्वतःच्याच हाताने काढलेली टिपणे. घरची माणसे प्रेमळ होती. मुलगा रात्री जेवणानंतर अर्धा तास वाचून दाखवी, सून दुपारी पत्रे वाची. परंतु ज्याने आयुष्यभर इतरांना वाचायला शिकवले, त्याला ‘आता थोडे वाचता का?’ असे रोज विचारावे लागणे हे दुःख घरच्यांच्या प्रेमाने भरून येणारे नव्हते.

अभियांत्रिकी शिकणारा नातू सुट्टीत घरी आला. त्याने आजोबांच्या टेबलावर संगणक मांडला आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली त्यात बसवली. आवाज निवडण्याची वेळ आली तेव्हा समोरच्या यादीत मराठी दिसेना. हिंदी मात्र होती. लिपी एकच, देवनागरी. मग अडचण कसली, असा विचार करून त्याने हिंदी आवाज उतरवून घेतला. आजोबांनी पहिला मजकूर मागितला तो ज्ञानेश्वरीवरील एका लेखाचा. यंत्र खणखणीत स्वरात वाचू लागले. पहिल्याच ओळीत ज्ञानेश्वरांचे ‘ग्यानेश्वर’ झाले. पुढे ‘मूळ’ ग्रंथाचा ‘मूल’ ग्रंथ झाला, ‘काळ’ होता तिथे ‘काल’ आला आणि योग्य ‘वेळ’ वेलीसारखी भलतीकडेच वळली. आजोबांनी शांतपणे पान संपू दिले. मग म्हणाले, “अरे, वाचतो छान, पण हा आपल्या घरातला नाही.”

नातू हुशार होता. त्या प्रणालीत उच्चारांचा एक शब्दकोश असतो. त्यात ‘ज्ञ’ दिसला की ‘द्न्य’ असा उच्चार कर, अशी सूचना त्याने भरली आणि ज्ञानेश्वर पुन्हा ज्ञानेश्वर झाले. ‘ळ’चे मात्र काही करता येईना. सूचना कोणतीही द्या, ‘ळ’चा ‘ल’च होई. त्या आवाजाच्या गळ्यात ‘ळ’ नव्हताच.

हा प्रसंग एका घरातला असला तरी प्रश्न एका घराचा नाही. संगणकाला कंठ फुटून कितीतरी वर्षे झाली. तो कंठ मराठी आहे का, आणि तो मराठी व्हावा म्हणून मराठी समाजाने काय केले, हा खरा प्रश्न आहे.

वाचून घेणे आणि वाचणे

२०११ च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिबाधितांची संख्या पन्नास लाखांहून अधिक होती. वार्धक्याने किंवा मधुमेहाने ज्यांची नजर मंदावत चालली आहे, असे ज्येष्ठ आज जवळजवळ प्रत्येक कुटुंबात सापडतील. अक्षरे डोळ्यांपुढे उलटसुलट होतात अशी मुले आहेत. बोलतात उत्तम, पण शाळेचे तोंड पाहिले नाही अशी माणसेही आहेत. या सर्वांसाठी बोलणारा संगणक हे खेळणे नव्हे. तो त्यांचा चष्मा आहे.

प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८८१ साली विदर्भात जन्मलेल्या या सत्पुरुषाची दृष्टी वयाच्या नवव्या महिन्यात गेली. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. ते इतरांकडून वाचून घेत आणि इतरांना सांगून लिहवून घेत. त्यांची बुद्धी अलौकिक होती, पण तिच्यापर्यंत ग्रंथ पोहोचवणारे वाचकही त्यांना लाभले. अशी भाग्ये सर्वांच्या वाट्याला येत नाहीत. ज्यांना वाचून दाखवणारे कोणी नव्हते, अशा किती बुद्धिमत्ता आपल्या गावांतून अबोल राहून मावळल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

वाचून दाखवणे ही सेवा आहे आणि ती थोर आहे. महाविद्यालयीन तरुण अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचतात, गृहिणी ध्वनिमुद्रण करून देतात, परीक्षेत लेखनिक म्हणून बसतात. तरीही या सेवेला एक मर्यादा आहे. बँकेचे पत्र शेजाऱ्याला वाचायला सांगावे लागते. डॉक्टरांचा अहवाल आधी मुलाला कळतो, मग आपल्याला. मुलीचे सासरहून आलेले पत्र तिसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. एखादे पान आवडले म्हणून पुन्हा वाचावेसे वाटले, तर समोरच्याचा चेहरा दिसत नसला तरी त्याचा कंटाळा जाणवतो. संगणकाचा आवाज या सर्वांतून माणसाला मोकळे करतो. तो शंभरदा मागे जाऊन तेच वाक्य वाचतो आणि कपाळाला आठी घालत नाही. रात्री दोन वाजता वाचतो. काय वाचले ते कोणाला सांगत नाही. सेवा घेणाऱ्याला सेवेची गरजच कमी भासावी, याहून मोठे सेवेचे फलित कोणते?

ही वाट दृष्टिबाधितांनी स्वतःच मोकळी केली, हे विशेष. विंडोजवर चालणाऱ्या पडदावाचक प्रणालींची किंमत सर्वसामान्य भारतीयाच्या आवाक्याबाहेरची होती. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए ही प्रणाली लिहायला घेतली. जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. ही प्रणाली विनामूल्य आहे आणि तिची रचना सर्वांसाठी खुली आहे. आज जगभरातील दृष्टिबाधित तिच्यावर शिकतात, नोकऱ्या करतात. कोणी आपल्यासाठी काहीतरी करील म्हणून ते दोघे थांबले नाहीत, यातील बोध लक्षात ठेवण्यासारखा आहे.

लिपी शास्त्रशुद्ध, तरी यंत्र का अडखळते?

मराठी माणसाला आपल्या वर्णमालेचा सार्थ अभिमान आहे. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ अशा उच्चारस्थानांनुसार लावलेली ही वर्णांची पंगत जगातील सुंदर रचनांपैकी एक आहे. इंग्रजीत लिहायचे एक आणि वाचायचे दुसरे. आपल्याकडे जसे लिहितो तसेच वाचतो, असे आपण मुलांना सांगतो. मग जे यंत्र इंग्रजी सफाईने वाचते त्याला मराठी तर सहजच यायला हवी! प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण ‘जसे लिहितो तसे वाचतो’ हे विधान मराठीपुरते पूर्ण खरे नाही. आपण ते खरे मानतो, कारण उरलेले नियम आपण आईच्या मांडीवर नकळत शिकलेलो असतो.

‘घर’ आपण अकारान्त लिहितो, पण बोलताना शेवटचा ‘अ’ गिळतो. ‘करत’ म्हणताना ‘र’मधला ‘अ’ ऐकू येतो. ‘करतो’ म्हणताना तोच ‘अ’ नाहीसा होतो. तेच शब्द ओवी-अभंगात आले की गिळलेले स्वर पुन्हा उमटतात. ‘माझा’मधला ‘झ’ दातांपाशी उच्चारतात, ‘माझी’मधला तालूपाशी. ‘जरा थांबा’ यातला ‘ज’ वेगळा आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’मधला वेगळा. लिखाणात दोन्ही सारखेच. ‘घरं’ आणि ‘केलं’ यांवरचा अनुस्वार मराठीत नाकातून उच्चारायचा नसून शेवटचा ‘अ’ लांबवण्याची ती खूण आहे. परक्या आवाजाला हे ठाऊक नसते, म्हणून तो ‘घरं’चे ‘घरम्’ करून टाकतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाची सूचना द्यायची. एवढाशा खुणेचा फरक यंत्राने चुकवला की मंगल कार्यालयात अनर्थ ठरलेला!

अंकांची आणि संक्षेपांची गोष्ट आणखी निराळी. मराठी शेतकऱ्याच्या कागदावर ‘७/१२’ असते. ते ‘सातबारा’ असेच वाचले पाहिजे. ‘सात भागिले बारा’ असे वाचणारा किंवा ती तारीख समजणारा आवाज त्याच्या काय कामाचा? लग्नपत्रिकेतील ‘चि.’ आणि ‘सौ. कां.’, शोकसंदेशातील ‘कै.’, पंचांगातील ‘शके’ हे सारे मराठी संसारातून आलेले आहे. पंच्याहत्तर, शहात्तर, सत्त्याहत्तर अशा आपल्या आकड्यांना एक साचा नाही. नव्व्याण्णवपर्यंतचा प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे शिकवावा लागतो.

यंत्राचे बोलणे तीन पायऱ्यांनी चालते. पहिल्या पायरीवर अंक, तारखा, संक्षेप उलगडून त्यांचे पूर्ण शब्द केले जातात. दुसऱ्या पायरीवर त्या शब्दांचे उच्चार ठरतात. तिसऱ्या पायरीवर प्रत्यक्ष ध्वनी निर्माण होतो. तिसरी पायरी पुष्कळशी तंत्रज्ञाची आहे आणि ती जगात कुठेही बांधली तरी चालते. पहिल्या दोन पायऱ्या मात्र भाषा जाणणाऱ्याच्या आहेत. त्या परदेशातील अभियंता बांधू शकत नाही. बांधल्याच तर ओबडधोबड बांधील, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. मराठीच्या वाट्याला आलेली उणीव नेमकी या दोन पायऱ्यांवरची आहे. ती यंत्राची उणीव नसून मराठी जाणणाऱ्यांच्या अनुपस्थितीची उणीव आहे.

आज काय हाताशी आहे?

निराश होण्याचे मात्र कारण नाही. त्या पुण्याच्या घरात नातवाला जो मराठी आवाज सापडला नाही, तो वस्तुतः त्याच संगणकात होता. एनव्हीडीएसोबत ईस्पीक एनजी नावाचा ध्वनिनिर्माता आपोआप येतो. जोनाथन डडिंग्टन या ब्रिटिश गृहस्थाने त्याचे मूळ रूप लिहिले आणि २०१५ पासून ते काम इतरांनी नव्या नावाने पुढे नेले. त्याच्या शंभराहून अधिक भाषांत मराठी आहे. परंतु विंडोज १० आणि त्यापुढील संगणकांवर पडदावाचक साधारणपणे विंडोजचे स्वतःचे आवाज आधी निवडतो. विंडोज १० च्या त्या यादीत हिंदीचे हेमंत आणि कल्पना होते, तमिळचा वल्लुवर होता. मराठी नाव नव्हते. मराठी हवी तर एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि एस या तीन कळा एकदम दाबून ध्वनिनिर्माता बदलावा लागतो. मग एनव्हीडीए कळ आणि कंट्रोल यांच्यासह व्ही दाबून उघडणाऱ्या चौकटीत मराठी निवडायची, वेग आणि पट्टी बेताची करायची, विरामचिन्हे किती वाचावीत ते ठरवायचे. ज्याने एकदा केले त्याला हे पाच मिनिटांचे काम आहे. ज्याला कोणी सांगितले नाही तो वर्षभर ‘ग्यानेश्वर’ ऐकत बसतो.

ईस्पीकचा आवाज गोड नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. तो कोणा माणसाच्या ध्वनिमुद्रणातून घेतलेला नसून गणिताने घडवलेला आहे. पत्र्याच्या डब्यातून कोणी बोलावे तसा वाटतो. परंतु अनुभवी दृष्टिबाधित पुष्कळदा असाच आवाज पसंत करतात. तो आकाराने अगदी लहान असतो, जुन्या संगणकावर चालतो, त्याला इंटरनेट लागत नाही, आणि कळ दाबताक्षणी बोलतो. त्याचा वेग कितीतरी पट वाढवला तरी शब्द तुटत नाहीत. डोळस माणसाला जो केवळ गलका वाटेल अशा वेगाने सरावलेला अंध विद्यार्थी पाठ्यपुस्तक ऐकून संपवतो.

दुसऱ्या बाजूला माणसासारखे बोलणारे आवाज आले आहेत. २०१६ साली डीपमाइंड या कंपनीने वेव्हनेट ही पद्धती मांडल्यानंतर कृत्रिम आवाजांत श्वासाचा आणि भावाचा भास होऊ लागला. मायक्रोसॉफ्टच्या अशा आवाजांत मराठीचे आरोही आणि मनोहर आहेत. एज ब्राउझरमध्ये पान उघडून ते ऐकता येतात. अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर गूगलचा मराठी आवाज उतरवून घेता येतो. कथा-कादंबरी ऐकायला हे आवाज सुखद आहेत. परंतु आरोही-मनोहरांना इंटरनेटची जोड लागते, आणि दिवसभर संगणकावर काम करणाऱ्याला हवी असलेली तत्परता अशा आवाजांत कमी पडते. म्हणून घरात दोन्ही असावेत: कामाला एक, वाचनसुखाला दुसरा.

देशातही मोलाचे काम झाले आहे. केंद्र शासनाच्या साहाय्याने मद्रास आयआयटीच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांनी एकत्र येऊन तेरा भारतीय भाषांसाठी आवाजांचे संग्रह आणि प्रणाली तयार केल्या. त्यांत मराठी आहे. २०२२ साली ‘भाषिणी’ हा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. भारतीय भाषा परस्परांच्या वैरिणी नसून बहिणी आहेत, आणि एकीसाठी केलेले काम दुसरीला उपयोगी पडते, हे या प्रयत्नांनी दाखवून दिले. तथापि प्रयोगशाळेत तयार झालेला आवाज तालुक्याच्या गावातील एका अंध मुलीच्या संगणकात बसणे, हे अंतर शासकीय आदेशाने तुटत नाही. ते माणसांनीच चालून जायचे असते.

अभिमानाने आवाज येत नाही

इथे थोडे कठोर बोलणे प्राप्त आहे. संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा असल्याचे अमेरिकेच्या अवकाश संस्थेने मान्य केले आहे, असा संदेश सुशिक्षित घरांतून वर्षानुवर्षे फिरतो. त्याचे मूळ १९८५ साली रिक ब्रिग्ज यांनी लिहिलेल्या एका लेखात आहे. संस्कृत वैयाकरणांची वाक्यार्थ मांडण्याची पद्धत आणि यंत्रासाठी ज्ञान मांडण्याची पद्धत यांत साम्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. लेख विचारप्रवर्तक होता, परंतु तो एका संशोधकाचा लेख होता. संस्थेचा निर्णय नव्हता. त्या संदेशाने कोणाच्याही संगणकात एक अक्षरही उच्चारले गेले नाही. पाणिनीचा वारसा सांगणाऱ्या समाजाने आपल्या भाषेचे उच्चारनियम स्वतः लिहून यंत्राला शिकवले, तरच तो वारसा जिवंत आहे असे म्हणता येईल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, ते योग्यच झाले. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते. फिनलंडची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास आहे, आणि तरीही विंडोज १० मध्ये फिनिश आवाज होता. केवळ संख्येवर भाषा यंत्रात शिरत नाही. ती वापरणाऱ्यांच्या आग्रहामुळे शिरते. मराठी घरातील संगणक इंग्रजीत, भ्रमणध्वनी इंग्रजीत, आणि तक्रार मात्र मराठीच्या उपेक्षेची, हे फार दिवस चालणार नाही.

अक्षर दिसते, वाचता येत नाही

समजा, उत्तम मराठी आवाज उद्या प्रत्येक संगणकात बसला. तो वाचणार काय? इथे दोष कोणा परदेशी कंपनीचा नाही, आपलाच आहे.

अनेक वर्षे मराठी अक्षरजुळणी अशा टंकांत झाली, ज्यांत पडद्यावर देवनागरी दिसते पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे भरलेली असतात. डोळ्याला ‘भारत’ दिसतो. यंत्राच्या हाती मात्र निरर्थक रोमन अक्षरांची रास लागते, आणि ते इमानेइतबारे तीच वाचते. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे. त्यात प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. ‘ळ’ला आहे आणि ‘दऱ्या’तल्या ‘ऱ’लाही आहे. तरीसुद्धा संस्थांचे अहवाल, स्मरणिका, दिवाळी अंक आजही अनेक ठिकाणी जुन्या टंकांत जुळवले जातात, आणि त्यांच्या पीडीएफ प्रती दृष्टिबाधितांसाठी कोऱ्या कागदासारख्या ठरतात.

दुसरा दोष चित्रांचा. व्याख्यानमालेचे निमंत्रण, रक्तदान शिबिराची सूचना, सत्पुरुषांचे सुविचार हे सारे सुंदर रंगीत चित्रांतून घरोघरी पाठवले जाते. चित्रातला मजकूर पडदावाचक सहसा आपोआप वाचत नाही. तो बहुधा फक्त ‘चित्र’ एवढेच म्हणतो. शंभर जणांच्या गटात दोन दृष्टिबाधित असतील, तर त्या दोघांना आपण दररोज नकळत दाराबाहेर उभे करतो. त्याच चित्राखाली चार ओळी टंकून लिहायला एक मिनिट लागते.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायदा दिव्यांगांसाठी पुस्तकाची वाचनयोग्य प्रत करण्यास मुभा देतो. अशा प्रतींची देशोदेशी देवाणघेवाण व्हावी म्हणून २०१३ साली माराकेश येथे करार झाला आणि २०१४ साली त्याला पहिले अनुसमर्थन भारताने दिले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात देण्याचे बंधन घातले. त्याच वर्षी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. दारे उघडी आहेत. आत ठेवायची मराठी पुस्तके कोणी तयार करायची, हा प्रश्न मराठी प्रकाशकांचा, लेखकांचा आणि वाचकांचा आहे.

काम कोणाचे?

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातील बहुतेकाला पैसा लागत नाही. ईस्पीक एनजीचे मराठी उच्चारनियम आणि अपवादांचे शब्द साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले आहेत. त्या सर्वांसाठी खुल्या आहेत आणि कोणालाही दुरुस्ती सुचवता येते. महाविद्यालयांतील मराठी विभागांनी संगणक विभागाला हाताशी धरून वर्षभराचा प्रकल्प म्हणून हे काम घेतले, तर भाषाविज्ञानाचा अभ्यास होईल आणि समाजाचे एक ऋण फिटेल. भाषाप्रेमी संस्थांनी ग्रामनामे, आडनावे, संक्षेप यांच्या उच्चारांच्या याद्या कराव्यात. नियतकालिकांनी आपले अंक युनिकोडमध्ये जुळवावेत आणि जुने अंक टप्प्याटप्प्याने बदलून घ्यावेत. संस्थांनी चित्रासोबत मजकूर पाठवण्याचा नेम करावा. आणि सेवाकार्यातील तरुणांनी आपल्या वस्तीत नजर मंदावलेले कोण आहेत ते शोधून, त्यांच्या घरी जाऊन आवाज बसवून द्यावा आणि तो वापरायला शिकवेपर्यंत चार-सहा रविवार त्यांच्याजवळ बसावे. आवाज बसवायला पाच मिनिटे लागतात. माणसाची भीती जायला महिना लागतो. यंत्र देऊन निघून येणे म्हणजे अर्धवट सेवा.

आवाज सुधारल्याशिवाय वापरणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. भाषा वापराने सुधारते, आणि यंत्रातील भाषाही त्याला अपवाद नाही. चुका कळवणारे असले तरच चुका दुरुस्त होतात.

पुण्याच्या त्या घरी नातवाला पुढे ईस्पीकचा मराठी आवाज सापडला. हिंदी आवाजाहून तो खरखरीत होता, परंतु ‘मूळ’ला ‘मूळ’ म्हणत होता. आजोबांनी तीन दिवस तो ऐकला. चौथ्या दिवशी त्यांनी नातवाला वही आणि पेन घेऊन शेजारी बसवले. यंत्र वाचत होते आणि आजोबा मधूनच हात वर करत होते: “थांबव. इथला ‘च’ चुकला. लिही.” दुपारपर्यंत वहीत चाळीस शब्द झाले होते. काही उच्चारांच्या शब्दकोशात तिथल्या तिथे सुधारले गेले. जे सुधारता येत नव्हते, ते पुढे पाठवण्यासाठी वेगळ्या पानावर उतरवले गेले. संध्याकाळी सुनेने चहा आणला तेव्हा आजोबा म्हणाले, “विद्यार्थी मठ्ठ आहे, पण सांगितले की ऐकतो.”

निवृत्त झालेल्या शिक्षकाला पुन्हा एक विद्यार्थी मिळाला होता. मराठी शिकवू शकणारी माणसे या महाराष्ट्रात कमी नाहीत. तो मठ्ठ विद्यार्थी प्रत्येक घरातल्या संगणकात बसला आहे. त्याला शिकवायचे काम आपण इतरांवर सोपवले, तर तो जे बोलेल ते निमूटपणे ऐकून घेण्याची तयारीही ठेवावी लागेल.